सुरगाण्याची चूल आणि वाटसरू

जुन्या पथिकगृहांचे वाढदिवस साजरे करण्याची चाल पुष्कळ देशांत आहे. जपानांतील यामानाशी प्रांताच्या डोंगरांत निशियामा ओन्सेन केइउन्कान नांवाचें एक विश्रांतिगृह इ. स. ७०५ पासून चालूं आहे, आणि जगांतील सर्वांत जुनें पथिकगृह म्हणून त्याची नोंद झालेली आहे. ऑस्ट्रियांतील साल्झबर्ग शहरीं सेंट पीटरच्या मठाला लागून असलेलें भोजनगृह आपला पहिला उल्लेख इ. स. ८०३ मधला असल्याचें अभिमानानें सांगतें. अशा घरांच्या उत्सवांत बहुधा दोन गोष्टी असतात. भिंतीवर पूर्वजांचीं चित्रें लागतात, आणि त्या घराचा म्हणून जो पदार्थ प्रसिद्ध असेल तो जुन्या रीतीनें रांधून पाहुण्यांस वाढला जातो. चित्रांकडे फारसें कोणी पाहत नाहीं. पदार्थ मात्र सर्वांच्या लक्षांत राहतो.

महाराष्ट्रांतही अशीं घरें अगदींच नाहींत असें नाहीं. दादर येथील मामा काणे यांचें उपाहारगृह १९१० सालचें. पुण्यास लक्ष्मी रस्त्यावर असलेलें पूना गेस्ट हाऊस १९३५ सालीं मूकपटांचे दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनीं काढलें. परंतु हीं दोन्ही घरें शहरांतलीं. आडरानांतल्या वाटेवर, डोंगराच्या कुशींत, शंभर-दीडशें वर्षें चालत आलेलें पथिकगृह मराठी मुलखांत सहसा दृष्टीस पडत नाहीं. नाशिकहून दिंडोरी, वणी या मार्गानें घाट चढून कोणी सुरगाण्यास गेला आणि तेथें असें एखादें घर शोधूं लागला, तर त्याच्या पदरीं निराशाच येईल. आणि तरीही २०२३ सालीं सुरगाण्याच्या मुलखाला वाढदिवस साजरा करावयास दोन कारणें एकदम मिळालीं होतीं. एक राजकीय, दुसरें चुलीचें. १९४८ सालीं सुरगाणें संस्थान विलीन होऊन नाशिक जिल्ह्यांत आलें, त्याला २०२३ सालीं पंचाहत्तर वर्षें झालीं. त्याच वर्षीं संयुक्त राष्ट्रांनीं आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष पाळलें. आणि सुरगाण्याच्या चुलीवर पिढ्यान्‌पिढ्या जें शिजत आलें, तें म्हणजे असेंच एक भरडधान्य, नागली. देशावर तिला नाचणी म्हणतात. 

पथिकगृह नाहीं आणि तरी पाहुणचार आहे, हा प्रकार काय आहे तें नीट समजण्यासाठीं प्रथम मुलूख समजावून घेतला पाहिजे.

सुरगाणें हा नाशिक जिल्ह्याचा वायव्येकडील कोपरा. उत्तरेस डांग, पश्चिमेस वलसाड. हे दोन्ही आतां गुजराथचे जिल्हे. नार आणि पार या नद्या येथेंच उगम पावतात. सह्याद्रीचा कणा येथें मोडून त्याच्या फांद्या चोहींकडे पसरल्या आहेत, त्यामुळें सपाट जमीन थोडी आणि उतार फार. जिल्ह्याच्या पूर्वेकडील येवला-नांदगांवकडे जेवढा पाऊस पडतो त्याच्या कित्येक पट पाऊस या कोपऱ्यांत पडतो. परंतु तो उतारावरून धांवत समुद्राकडे जातो आणि चैत्र-वैशाखांत त्याच गांवांतल्या बायका हंडे घेऊन कोरड्या ओहोळांत झरे उकरीत बसतात. लोकवस्ती बहुतेक सर्व आदिवासी, शंभरांत नव्वदांहून अधिक. त्यांत कोकणा समाज मोठा, आणि त्याच्या जोडीला वारली व महादेव कोळी. या मुलखावर देशमुख ही पदवी धारण करणारें पवार घराणें राज्य करीत असे.

धर्मशाळा कोठें होतात? जेथें यात्रा भरते तेथें, किंवा जेथून व्यापारी तांडा नित्य जातो तेथें. नाशिक-त्र्यंबकेश्वरास सिंहस्थाचा मेळा भरतो, सप्तशृंगीच्या गडावर चैत्रांत लाखों लोक चढतात. तेथें ओवऱ्या झाल्या, अन्नछत्रें झालीं, पुण्य मिळविण्यासाठीं धनिकांनीं पैसा ओतला. इंग्रजी अमलांत साहेबलोकांच्या मुक्कामासाठीं डाक-बंगले झाले. तेथें खानसामा कोंबडी कापून देई, पण तें घर सरकारी कामावर निघालेल्या साहेबाचें, पायीं चालणाऱ्या कुळाचें नव्हे. सुरगाण्याचे डोंगर या दोहोंच्या मधोमध सुटले. पश्चिमेच्या किनाऱ्यावर सुरत होती, पूर्वेस नाशिक होतें. वाटा होत्या, घाट होते, बैलांवर मीठ वाहणारे होते. फौजाही या बाजूनें गेल्या. १६७० सालीं सुरतेहून परतणाऱ्या शिवाजी महाराजांना मोगलांनीं वणी-दिंडोरीजवळ गांठलें, हें प्रसिद्धच आहे. परंतु ज्या वाटेनें फौज जाते त्या वाटेवर कोणी सराई बांधून पैसा कमावीत नाहीं.

मग अशा मुलखांत संध्याकाळीं अडकलेला वाटसरू जात असे कोठें? तो गांवांतल्या पहिल्या घरीं जाई. कुडाच्या भिंती, वर कौलें किंवा गवत, पुढें शेणानें सारवलेली ओटी. ही ओटीच त्याचें पथिकगृह. प्रथम पाणी, मग कोठून आलां ही चौकशी, आणि मग जें घरांत शिजलें असेल त्यांतला वांटा. येथें दर ठरलेला नसे, पण हिशेब मुळींच नसे असें समजणें भोळेपणाचें होईल. ज्याची ओटी आज दुसऱ्याला दिली, तो उद्यां सोयरिकीच्या, बाजाराच्या किंवा मजुरीच्या निमित्तानें दुसऱ्याच्या ओटीवर निजणार असे. देणें फिटत असे, पण तें पैशांनीं नव्हे आणि त्याच घरीं फिटेल असेंही नव्हे. मार्गशीर्षांत डोंगऱ्यादेवाचा उत्सव येतो तेव्हां हा प्रकार उघड दिसतो. व्रत घेतलेले माउले कित्येक दिवस घर सोडून गांवोगांव नाचत हिंडतात, प्रत्येक अंगणांतून त्यांच्या झोळींत धान्य पडतें, आणि शेवटीं ते डोंगरांतील देवाच्या ठिकाणीं रात्र जागवून परततात. एक अख्खा जथा इतके दिवस दुसऱ्यांच्या दाण्यांवर चालतो, आणि कोणाच्या मनांत तो भार म्हणून येत नाहीं.

हें चालूं शकलें याचें एक कारण धान्यांतच आहे, आणि तेथेंच नागलीची गोष्ट सुरू होते.

नागलीचें मूळ घर पूर्व आफ्रिकेंतील उंच पठारें. तेथून कित्येक सहस्रकांपूर्वीं ती हिंदुस्थानांत आली आणि जेथें भाताला पाणी तुंबवून ठेवतां येत नाहीं अशा उतारावर तिनें ठाण मांडलें. सुरगाण्यांत खोलगट खाचरांत भात आणि वरच्या हलक्या वरकस जमिनींत नागली अशी वांटणी आहे. उन्हाळ्यांत जमिनीच्या एका तुकड्यावर पालापाचोळा, काटक्या व शेण पसरून ते पेटवितात. याला राब भाजणें म्हणतात. आंचेनें तणाचें बीं जळतें व राखेचें खत होतें. पहिल्या पावसावर तेथें बीं फेकतात, आणि रोप वीतभर झालें कीं भर पावसांत, डोक्यावर इरलें घेऊन, तें उतारावर लावतात. एका वर्षीं नागली, दुसऱ्या वर्षीं वरई, मग खुरासणी किंवा उडीद, आणि त्यानंतर जमिनीला विसांवा, अशी जुनी पाळी आहे. जमीन कमी आणि तोंडें अधिक झालीं तसा हा विसांवा आखडत गेला, आणि त्याची किंमत माती मोजते आहे.

दिवाळीच्या सुमारास कणसें खुडून खळ्यांत आणतात व झोडपून दाणा मोकळा करतात. दाणा मोहरीएवढा, तांबूस, आणि इतका टणक कीं त्यास कीड सहसा लागत नाहीं. बांबूच्या कणगीला शेणमातीचा लेप देऊन तींत भरलेली नागली वर्षानुवर्षें टिकते. तांदूळ किंवा ज्वारी अशी टिकत नाहीं. ज्या घराच्या कणगींत मागच्या सालचीही नागली आहे त्या घराला दारीं आलेला अनपेक्षित पाहुणा संकट वाटत नाहीं. सुरगाण्याचा पाहुणचार हा केवळ मनाच्या मोठेपणावर उभा नव्हता, तो या न किडणाऱ्या दाण्यावरही उभा होता. कोकणा आणि वारली समाजांत धान्याला कणसरी ही देवी मानतात. तिची कथा रात्र-रात्र गाइली जाते, आणि त्या गायनाला साथ असते ती कांशाच्या थाळीची. थाळीच्या मध्यभागीं मेणानें एक काडी उभी बसवितात व त्या काडीवरून बोटें ओढून स्वर काढतात. जेवणाचें भांडें आणि वाद्य एकच, असा हा प्रकार आहे.

आतां भाकर. गव्हाच्या पिठांत चिकटपणा आणणारें ग्लूटेन असतें, म्हणून त्याची कणीक थंड पाण्यांतही ताणली जाते. नागलींत तें नाहीं. थंड पाण्यांत मळलेली नागली हातांत घेतांच तुटते. यासाठीं पाणी उकळून त्यांत पीठ घालतात. उष्णतेनें पिठांतील पिष्ट फुगून चिकट होतें, आणि मग तो गोळा हातानें रगडून मऊ करतात. हें रगडणें कंटाळवाणें आहे आणि येथेंच नवख्याची भाकर फसते. कमी मळलेल्या पिठाच्या कडा फाटतात, जास्त पाणी झालें तर भाकर तव्याला धरते. गोळा हातावर थापून मातीच्या तव्यावर टाकतात, वरून पाण्याचा हात फिरवितात, पाणी सुकतांच उलटतात आणि शेवटीं निखाऱ्यासमोर उभी करून फुगवितात. तयार भाकर काळपट तांबडी, चवीला किंचित् तुरट. आणि तिचा विशेष असा कीं एक खाल्ली तरी पोटाला दुपारपर्यंत आधार राहतो. चालणाऱ्या माणसाला दुसरें काय हवें?

शंभर ग्रॅम नागलींत सुमारें ३४० ते ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. गिरणींत पांढरा केलेल्या तांदळांत तें दहा मिलिग्रॅमच्या आसपासच सांपडतें. तथापि दाण्याच्या सालींत असलेलें फायटेट नांवाचें द्रव्य हीं खनिजें बांधून ठेवतें व सर्व शरीरास मिळूं देत नाहीं. या अडचणीवर तोड आहे आंबवणें व मोड आणणें. रात्रीं पीठ पाण्यांत किंवा ताकांत भिजवून ठेवावें, सकाळीं त्याला आंबूस वास आला कीं मीठ घालून शिजवावें, ही आंबील. आंबण्याच्या क्रियेंत फायटेट कमी होतें आणि खनिजें मोकळीं होतात. रसायनशास्त्राचें हें ज्ञान अलीकडचें, पण उन्हांत कामाला निघणाऱ्याच्या पोटांत सकाळीं आंबील पडावी हा नेम फार जुना.

भाकरीच्या जोडीला काय असतें, हें ऋतूवर अवलंबून. उडीद भाजून, भरडून केलेली दाट आमटी हें बारमाही कालवण. खुरासणी, जिला देशावर कारळे म्हणतात, तिचें तेल काढतात आणि दाणे भाजून लसूण-मिरचीबरोबर चटणी कुटतात. मोहाच्या बियांचेंही तेल निघतें. मोहाचीं फुलें वाळवून ठेवतात व भाजून खातात. या फुलांचें नांव काढलें कीं शहरी माणसाला केवळ दारू आठवते, हा त्या फुलांवर अन्याय आहे. पावसाच्या पहिल्या सरीबरोबर रान उघडतें. शेवळें, कुर्डू, टाकळा, करटोलीं, बांबूचे कोवळे कोंब म्हणजे वास्ते, ओहोळांतले खेकडे, हें सर्व विकत न घेतां मिळणारें अन्न.

परंतु विकत न घेतां मिळतें म्हणून तें सोपें असतें असें नव्हे. तेरा नांवाच्या रानअळूच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. तीं पानें नुसतीं शिजवून खाल्लीं तर घसा धरतो. म्हणून त्यांत चिंच किंवा दुसरा कांहीं आंबट पाला घालतात. कडूकंदाची तर तऱ्हाच वेगळी. तो खणून आणावा, सोलून त्याच्या पातळ चकत्या कराव्या, चुलींतील राख घालून उकडाव्या, मग टोपलींत भरून वाहत्या ओढ्यांत रात्रभर ठेवाव्या, तेव्हां कोठें त्याचें कडू विष धुऊन जातें. घाई करणाऱ्याला उलट्या होतात. कोणत्या कंदाला किती पाणी, कोणत्या पाल्याला कोणता आंबटपणा, हें शास्त्र कोठें लिहिलेलें नाहीं. तें मुलगी आईबरोबर रानांत जाऊन शिकते. आईबरोबर जाणें थांबलें कीं एका पिढींतच तें नाहींसें होतें. आणि कडूकंदाच्या बाबतींत अर्धवट ज्ञान हें अज्ञानापेक्षां वाईट.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगणें अवश्य आहे. हें सर्व वर्णन ऐकून सुरगाण्याचा माणूस रानांत सुखानें जेवत होता अशी कल्पना कोणी करून घेऊं नये. कडूकंद हा आवडीनें खाण्याचा पदार्थ नव्हे. कणगी रिकामी झाल्यावर, नवें धान्य यावयाच्या आधींच्या आषाढ-श्रावणांत, पोट भरण्यासाठीं तो खणला जाई. पाहुण्याला भाकर देऊन घरची बाई आपण पेजेवर भागवी, हेंही त्या पाहुणचारांतच जमा आहे. शिवाय नागली खाणारा म्हणजे दरिद्री, ही समजूत देशावरच्या लोकांनीं इतकी पसरविली होती कीं बाजारगांवीं आलेल्या आदिवासी मुलाला आपल्या फडक्यांतली काळी भाकर उघड्यावर सोडण्याची लाज वाटावी. आज तीच भाकर मुंबईच्या मोठ्या भोजनगृहांतून मागून घेतली जाते. धान्य बदललें नाहीं, मागणारा बदलला.

विलीनीकरणानंतर मुलखांत सरकारी सडका, शाळा व आश्रमशाळा आल्या. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र व गुजराथ अशीं दोन राज्यें झालीं तेव्हां डांग गुजराथेंत गेला आणि एकाच कोकणा समाजाच्या सोयरिकींच्या मधून राज्याची सीमा धांवली. पाहुणचार सीमा ओळखीत नाहीं, पण सडक आणि दवाखाना सीमा ओळखतात. डिसेंबर २०२२ मध्यें सुरगाणें तालुक्यांतील सीमेवरच्या कांहीं गांवांनीं रस्ते, पाणी व औषधोपचार मिळत नसतील तर आम्हांस गुजराथेंत घाला अशी मागणी केली, आणि वृत्तपत्रांना हें गांव नकाशांत कोठें आहे तें शोधावें लागलें.

अन्नाच्या बाबतींत सर्वांत मोठा बदल घडविला तो स्वस्त धान्याच्या दुकानानें. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानें पात्र कुटुंबांना माणशीं दरमहा पांच किलो धान्य मिळूं लागलें. तांदूळ तीन रुपये, गहूं दोन रुपये आणि भरडधान्य एक रुपया किलो असे दर कायद्यांत होते, आणि जानेवारी २०२३ पासून तें धान्य विनामूल्य झालें. कायद्यांत भरडधान्याचें नांव आहे, परंतु पोतीं आलीं तीं बहुतकरून तांदूळ व गव्हाचीं. आषाढांतली भूक या धान्यानें हटविली, हें त्याचें मोठें पुण्य. त्याच धान्यानें नागली लावण्याची निकडही कमी केली. चार महिने उतारावर वांकून लावणी, निंदणी, खुडणी करावयाची आणि मग तास-तास दळण करावयाचें; त्यापेक्षां दुकानाचा तांदूळ शिजविणें कोणत्याही बाईला सोपें वाटणारच. नागली मागें पडली याबद्दल हळहळणाऱ्यांनीं दळणारे हात कोणाचे होते याचाही विचार करावा.

आणि आतां पाहुणा कोण व यजमान कोण, हें चित्रही उलटें झालें आहे. भात-नागली घरांत आली कीं सुरगाण्याच्या गांवांतून माणसें कामासाठीं बाहेर पडतात. कांहीं गुजराथेंत, पुष्कळ दिंडोरी-निफाडच्या द्राक्षमळ्यांवर. छाटणी, डिपिंग, विरळणी, काढणी अशीं कामें महिनोन्‌महिने चालतात. मुक्काम मळ्याच्या कडेला पत्र्याच्या शेडींत किंवा प्लास्टिकच्या आडोशाला. ज्या समाजानें प्रत्येक वाटसरूला ओटी दिली त्याला स्वतः वाटसरू झाल्यावर ओटी मिळतेच असें नाहीं. बोचक्यांत नागलीचें पीठ, उडीद, पापड बांधलेले असतात, आणि तीन दगडांची चूल जेथें मांडावी तेथें घर.

मार्च २०१८ मध्यें हें चालणें सर्व देशानें पाहिलें. अखिल भारतीय किसान सभेनें काढलेला शेतकऱ्यांचा मोर्चा ६ मार्च रोजीं नाशिकहून निघाला आणि सुमारें १८० किलोमीटर पायीं चालून १२ मार्च रोजीं मुंबईच्या आझाद मैदानावर पोंचला. त्यांत सुरगाणें, दिंडोरी, कळवण या भागांतील आदिवासी शेतकरी मोठ्या संख्येनें होते. त्यांची मुख्य मागणी होती कसत असलेल्या वनजमिनीच्या मालकीची. २००६ च्या वनहक्क कायद्यानें १३ डिसेंबर २००५ पूर्वींपासून कसणाऱ्या आदिवासीला चार हेक्टरपर्यंत हक्क दिला होता; पण असंख्य दावे कचेऱ्यांत पडून राहिले किंवा थोडक्या जमिनीवर मिटविले गेले. या जमिनी म्हणजे बहुतांशीं तेच उतार, जेथें नागली लागते. ज्याच्या नांवावर उतार नाहीं तो त्याला बांध घालीत नाहीं, आणि बांध नसलेल्या उताराची माती दर पावसाळ्यांत नदींत जाते. नागलीच्या भाकरीचा वनखात्याच्या कागदाशीं हा असा संबंध आहे.

मोर्च्याबरोबर धान्य व पीठ होतें, आणि मुक्कामीं उघड्या माळावर चुली पेटत. ११ तारखेस मुंबईच्या वेशींत आल्यावर दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना रहदारीचा त्रास होऊं नये म्हणून ते लोक रात्रीं पुन्हां उठून मैदानाकडे चालूं लागले. त्या रात्रीं आणि दुसऱ्या दिवशीं मुंबईकरांनीं रस्त्यावर येऊन त्यांना पाणी, पोहे, बिस्किटें दिलीं. डबेवाल्यांनीं अन्न पुरविलें. फाटलेल्या पायांसाठीं कोणी वहाणा आणल्या. ज्या शहरांत ओळखीशिवाय दार उघडत नाहीं असें म्हणतात, त्या शहरानें दोन दिवस सुरगाण्याची रीत पाळली.

आतां पुन्हां वाढदिवसाकडे वळावें. २०२३ चें भरडधान्य वर्ष हिंदुस्थानच्या प्रस्तावावरून ठरलें होतें, आणि त्या वर्षीं सभा, प्रदर्शनें, पाककृतींच्या स्पर्धा यांना तोटा नव्हता. २०२३-२४ च्या हंगामासाठीं नागलीची आधारभूत किंमत क्विंटलला ३,८४६ रुपये जाहीर झाली. २०१८-१९ सालीं ती २,८९७ रुपये होती. कागदावरची ही वाढ चांगली आहे. पण आधारभूत किंमत ज्याला खरेदीकेंद्र गांठतां येतें त्याच्या कामाची. दोन पोतीं नागली पिकविणारा डोंगरांतला शेतकरी तीं विकावयास गाडी करून जाणार नाहीं. तो घरीं खाईल, किंवा बाजाराच्या दिवशीं मिळेल त्या भावानें व्यापाऱ्याच्या मापांत ओतील.

त्याला फायदा होण्याची जागा दुसरी आहे, आणि ती म्हणजे नाशिकहून बोरगांव, हातगडवरून सापुताऱ्याकडे जाणारी सडक. सापुतारा हें सीमेपलीकडचें डांगमधील थंड हवेचें ठिकाण. सुटीच्या दिवशीं या सडकेवर मोटारींची रांग लागते. बोरगांव-हातगडच्या बाजूस शेतकऱ्यांनीं स्ट्रॉबेरीचे मळे केले आहेत आणि हंगामांत बायका-पोरें सडकेच्या कडेला लाल फळांचीं खोकीं मांडून बसतात. जो मुलूख कालपर्यंत कोणाच्या वाटेवर नव्हता तो आतां वाटेवर आला आहे. सडकेला खानावळी झाल्या, आणि नागलीची भाकर हा शहरी पाहुण्यास आकर्षण वाटणारा जिन्नस झाला. सुरगाण्याला पथिकगृह मिळण्याची वेळ आली ती अशी, फार उशिरा.

प्रश्न इतकाच कीं तें घर कोणाचें असणार. भांडवल बाहेरचें, जागा बाहेरच्याची आणि चुलीपुढें रोजंदारीवर बसलेली गांवची बाई, असें झालें तर भाकर टिकेल. पण तिची किंमत दुसऱ्याच्या गल्ल्यांत पडेल. याला दुसरी तऱ्हा नाहीं काय? आहे, आणि ती पाहण्यासाठीं फार लांब जावयास नको. सीमा ओलांडून डांग व वांसदा भागांत गेलें कीं सडकेच्या कडेला 'नाहरी' नांवाचीं साधीं भोजनगृहें लागतात. आदिवासी बायकांच्या बचतगटांनीं तीं चालविलीं आहेत. स्वयंपाक त्यांचा, वाढणें त्यांचें, हिशेब त्यांचा. ताटांत नागलीची भाकर, उडदाची डाळ, रानभाजी, बांबूच्या कोंबांचें लोणचें. नाहरी म्हणजे आपली न्याहारीच. कोकणा बोलींतला हा शब्द महाराष्ट्रांतल्या कोणाही शेतकऱ्याला सांगावा लागणार नाहीं. सोयरे तेच, भाषा तीच, भाकर तीच. फक्त सीमेच्या त्या बाजूला बायकांच्या हातीं गल्लाही आला.

सुरगाण्यांतही बचतगटांच्या बायका नागलीचे पापड करून विकूं लागल्या आहेत. पापडाचें पीठ दळण्यास आतां विजेची चक्की आहे, आणि उकड मळण्यास अजून हातच लागतात. पोळपाटावर लाटलेले तांबूस पापड ओटीवर चटईवर वाळत घातलेले असतात. पूर्वीं त्याच जागीं वाटसरू पथारी टाकीत असे.